तरवडाचे दहा पुंकेसर

माझं काम काय होतं हे सांगितलं की लोक आधी हसतात. मी फुलं पुरवायचो. लग्नाला नाही, मयतीला नाही, देवालाही नाही. परीक्षेला.

लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या विभागात मी परिचर होतो. नेमणुकीच्या कागदावर ‘माळी’ लिहिलं होतं, कामं दोन्ही करावी लागायची. नाव शेख उस्मान, गाव मुखेड. पोरं उस्मानमामा म्हणायची. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलापुढं एक फूल ठेवतात. मुलानं ते ब्लेडनं उभं चिरायचं, भिंगाखाली धरायचं, पाकळ्या मोजायच्या, पुंकेसर मोजायचे, चित्र काढायचं आणि झाडाचं कुळ सांगायचं. आता शंभर-सव्वाशे मुलं परीक्षेला बसणार म्हटल्यावर एकाच जातीची, त्याच सकाळी उमललेली तेवढी फुलं आणायची कुठून? बाजारात गुलाब मिळतो, झेंडू मिळतो. परीक्षेचं फूल मिळत नाही, ते वाढवावं लागतं. आमचे विभागप्रमुख देशमुख सर म्हणायचे, “उस्मान, अर्धा पेपर मंडळ काढतं आणि अर्धा तुझ्या वाफ्यात उगवतो.”

त्या वाफ्यातलं माझं मुख्य पीक म्हणजे तरवड.

मराठवाड्यातल्या माणसाला तरवड सांगायची गरज नाही, पण हा अंक पुण्या-मुंबईतही जातो म्हणून सांगतो. माळावर, बांधावर, रुळांच्या कडेला छातीएवढं झुडूप असतं, चिंचेसारखी बारीक पानं आणि शेंड्याला पिवळ्याधमक फुलांचे झुपके. हे कुणी लावत नाही. मुरमात येतं, दुष्काळात टिकतं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं हलत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. माझे वडील तरवडाची साल गाढवावर लादून मुखेडच्या बाजाराला आणायचे. कातडं कमावणारे ती घ्यायचे. म्हणजे हे झाड मला नोकरीत भेटलेलं नाही, त्याच्यावर मी जेवलेलो आहे. त्याला कुणी ‘रानटी झुडूप’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. नोकरीत ते किती वेळा फिरलं याचा हिशोब नाही.

आपोआप येणारं झाड वाफ्यात लावायला सोपं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी मी माळावरची पंधरा रोपं मुळासकट उपटून आणली आणि पंधराही मेली. तरवडाचं सोटमूळ सरळ पाताळात जातं. ते तुटलं की संपलं. वर वीतभर दिसत असेल तर खाली हातभर गेलेलं असतं. म्हणून बी जागच्या जागी टाकायचं. तेही तसंच टाकलं तर वर्षभर निवांत पडून राहतं, एवढं कवच टणक. आधी ते जाड वाळूत घोळून दगडावर घासायचं, मग कढत पाण्यात घालून पाणी निवेपर्यंत ठेवायचं. फुगलेलं बी तेवढं पेरायचं. उगवल्यावर लाड करायचे नाहीत. रोज पाणी घालणाऱ्याचा तरवड कुजून मरतो. परीक्षा माघ-फाल्गुनात आणि खरा बहर पावसाळ्यानंतरचा, म्हणून पाऊस सरता सरता निम्म्या झुडपांचे शेंडे छाटायचे, म्हणजे ती मागून फुलतात. पानांवर हिरव्या अळ्या येतात. त्यांना हात लावायचा नाही. त्यांची पिवळी फुलपाखरं होतात आणि झाड अळ्यांनी मरत नाही.

औषध मारल्यानं मात्र फुलपाखरं मरतात. एकदा तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी मला न विचारता फवारणी केली. वर सांगितलं, “उस्मान, ही रानटी झुडपं काढा, लॉन लावू.” लातुरात! जिथं प्यायला पाण्याचा टँकर येतो तिथं गवताला पाणी! देशमुख सर आडवे आले म्हणून वाफा वाचला. ते म्हणाले, “सर, लॉनवर परीक्षा घेता येत नाही.”

फूल दिसतं साधं, पण आहे वस्ताद. पाच सुट्या पाकळ्या, दहा पुंकेसर. दहाही सारखे नाहीत. काही लांब, वाकडे, कामाचे, काही आखूड, आणि वरचे तीन नुसते नावाला, त्यांच्यात पराग नसतोच. घाईनं बघणारा सात मोजतो. जो दहा मोजतो त्यानं फूल नीट बघितलं असं समजायचं. सरांची परीक्षा तेवढ्या एका गोष्टीत व्हायची.

भूकंप झाला त्या साली वनस्पतिशास्त्राच्या खोलीची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. आमचं तेवढ्यावर भागलं. चाळीस-पन्नास किलोमीटरवर गावंच्या गावं बसली होती. कॉलेजच्या मैदानातून ट्रक जायचे, मी आणि सर एका ट्रकबरोबर गेलो. भाकरी, सतरंज्या, कंदील. तिथं काय बघितलं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही. एवढंच सांगतो की गावाबाहेरचा माळ पिवळाजर्द फुलला होता आणि मला त्या झाडाचा राग आला होता. आयुष्यात एकदाच.

त्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये घेतली. मी टेबलांवर तरवड ठेवत गेलो. तिसऱ्या रांगेत सुनंदा नावाची मुलगी होती, त्या बसलेल्या गावांतल्या एका गावची. लातूरला वसतिगृहात राहायची म्हणून वाचली. आई गेली होती. वडील आणि भाऊ वाचले, ते पत्र्याच्या वस्तीत राहत होते. सगळ्यांनी ब्लेड उचलली, ही फुलाकडं बघत बसली. सर जवळ गेले.

“सुनंदा, वेळ चाललाय.”

“सर, आई घटाला ह्याचीच माळ घालायची. मला कापवत न्हाई.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. दुसरं फूल आण म्हणतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, “कापू नको. भिंग घे. न कापता जेवढं दिसतं तेवढं लिही.”

तिनं तीन पानं लिहिली. दहा पुंकेसर मोजले, तिघांत पराग नाहीत हे ओळखलं. पानाच्या बुडाशी कानासारखी दोन इवली पानं असतात, ती बहुतेकांना दिसत नाहीत, तीही तिनं काढली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो कागद दोनदा वाचला आणि फूल कापलं नाही म्हणून एकही गुण कापला नाही. अशी माणसं होती.

पुढं बी.एस्सी.ची तीन वर्षं सुनंदा आमच्याच कॉलेजात होती. तास संपला की वाफ्यात यायची. बी घासायला, शेंगा वेचायला मी तिला शिकवलं. तिच्या गावाचं पुनर्वसन झालं. सरळ रस्ते, ठोकळ्यासारखी घरं, नावाला सावली नाही. वृक्षारोपणाला गुलमोहर आले, पाटी लागली, फोटो निघाले. उन्हाळ्यात गुलमोहर गेले, पाटी राहिली. सुनंदानं तिथल्या साहेबांना तरवडाचं विचारलं. साहेब म्हणाले, “तरवड वृक्षात मोडत नाही, आमच्या रजिस्टरला बसत नाही.” माणसं उघड्या मुरमावर राहून राहिली आणि हे रजिस्टर बघून राहिले! मी तिला सव्वा शेर बी दिलं. तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी घरांच्या मागं ओळीनं टोकलं. दोन पावसाळ्यांत कुंपण झालं. मी जाऊन बघून आलो. बायका ओट्यावर बसून घटाच्या माळा ओवत होत्या. नोकरीत मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी ते कुंपण सांगतो.

आता रागाचं सांगतो.

देशमुख सर निवृत्त होऊन गेले. त्याच सुमाराला लातुरात क्लासचं पीक आलं. भुसार आणि डाळमिलचं गाव बघता बघता पोरांचं गाव झालं. नांदेड, बीड, परभणी, पार निलंग्या-देगलूरपासून पोरं येऊ लागली. घरोघरी कॉट-बेसिसच्या खोल्या निघाल्या, चौकाचौकांत पहिल्या आलेल्यांचे फोटो लागले. शिकायला कुणी येत असेल तर माझी तक्रार नाही. माझाही मुलगा शिकला. तक्रार पुढची आहे. पोरांचं नाव आमच्या कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासला. त्याला म्हणायचं ‘इंटिग्रेटेड’. हजेरी आमच्याकडं लागायची, माणूस दिसायचा नाही. जर्नलं क्लासमधून गठ्ठ्यानं यायची, एका अक्षराची. शंभर मुलांचा एकच हात! प्रयोगशाळेतल्या भिंगांवर धूळ बसली. मी दर शनिवारी पुसायचो. कुणासाठी ते विचारू नका.

मग मैदानाची मागची बाजू शेजारच्या क्लासला पार्किंगसाठी द्यायचं ठरलं. क्लासला येणाऱ्या पोरांच्या गाड्या रस्त्यावर मावत नव्हत्या. त्या जागेत माझा वाफा होता. वीस वर्षांची झुडपं, काहींचं खोड मनगटाएवढं. मी प्राचार्यांना सांगितलं, ही हलवता येत नाहीत, मुळं तुटली की मरतात. ते म्हणाले, “अहो, मग मरू द्या ना. रानात काय कमी आहेत?”

जेसीबी आला तेव्हा मी शेंगा काढत होतो. ड्रायव्हर बिचारा इंजिन बंद करून थांबला. पिशवी भरली तशी मी बाजूला झालो.

जेसीबी यायच्या आधी, क्लासच्या कचेरीत जाऊन निदान दोन ओळी तरी ठेवा म्हणावं असं मनात आलं होतं. कारण त्या क्लासला जीवशास्त्र शिकवणारी बाई कोण, तर सुनंदा. एम.एस्सी. झाली, वर्ष-दोन वर्षं तासिकेवर राबली, शेवटी क्लासला लागली. चौकातल्या फलकावर तिचाही फोटो होता. मी गेलो. काचेच्या खोलीत बसली होती, मला बघून उठली, चहा मागवला.

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामा, मला वाईट वाटतंय. खरंच. पण जागेचं माझ्या हातात न्हाई. आणि ह्या पोरांना फूल बघायला वेळच न्हाई हो. फुलावर एक प्रश्न येतो, एक मिनिटाचा.”

“एक मिनिटात दहा पुंकेसर मोजून होतात का?”

“मोजायचे नसतात, मामा. पाठ असतात.”

मी चहा ठेवून उठलो. तिला पहिल्यांदा अहोजाहो केलं. म्हणालो, “येतो, मॅडम.” दारातून आणखी एक वाक्य बोललो. म्हणालो, “तुमच्या आईनं माळ पाठ करून नव्हती ओवली.” हे बोलायला नको होतं. रागात माणूस जे सगळ्यात खोल लागेल तेच उचलतो.

त्याच फाल्गुनातली परीक्षा. वाफा नाही, म्हणून मी आठ दिवस आधी प्राचार्यांना लेखी दिलं की माळावरून फुलं आणायला मला सकाळची रजा आणि ऑटोचं भाडं द्यावं. उत्तर आलं, “क्लासनं सांगितलंय, फुलांची व्यवस्था ते करतील.”

परीक्षेच्या दिवशी क्लासचा माणूस दोन प्लास्टिकच्या टोपल्या घेऊन आला. मी कापड उचललं आणि बघतच राहिलो. पिवळी कण्हेर! बिट्टी म्हणतात ती. रस्त्याच्या दुभाजकावर लावलेली असते, तिथूनच तोडून आणली होती. फूल पिवळं हवं एवढंच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. बिट्टीचं फूल म्हणजे पाकळ्या खाली जुळून झालेला भोंगा, आत दडलेले पाच पुंकेसर, आणि देठ तुटला की पांढरा चीक. तो चीक विषारी असतो.

मी तिथल्या तिथं सांगितलं. आमच्याकडचे अंतर्गत परीक्षक नव्यानं लागलेले, तिशीचे. ते म्हणाले, “मामा, वेळ झाला, वाटा.” मी वाटली नाहीत. त्यांनीच वाटली. बाहेरचे परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत नाश्ता करत होते.

आणि पोरांनी लिहायला सुरुवात केली. मी रांगांमधून फिरलो. पाकळ्या पाच, सुट्या. पुंकेसर दहा, तीन वांझ. कुळ तरवडाचं. सगळ्यांचं तेच, क्लासनं पाठ करून घेतलेलं, त्याच क्रमानं. समोर भोंगा पडलाय, हाताला चीक लागलाय आणि पोरगं सुट्या पाकळ्यांचं चित्र काढून राहिलं! फुलाकडं एकदाही न बघता. मला हसू यावं की रडू हे कळेना.

एका मुलीनं मात्र हात वर केला. निलंग्याकडची असावी, बोलण्यावरून. म्हणाली, “सर, यात दहा दिसत न्हाईत. पाचच हायत.”

परीक्षक म्हणाले, “दिसत नसले तरी लिही.”

नोकरीत मी पुष्कळ ऐकलं आहे. रानटी झुडूप ऐकलं, लॉन ऐकलं, रानात काय कमी आहेत ऐकलं. पण शास्त्राच्या प्रयोगशाळेत, भिंग हातात दिलेल्या मुलीला कुणी सांगतं की दिसत नसलं तरी लिही, हे मी पहिल्यांदा ऐकलं. एवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलानं डोळा चोळला आणि ओरडला. चीक डोळ्यात गेला होता. मग माझा आवाज सुटला.

“पेनं खाली ठेवा! सगळे उठा, हात धुवा! हे तरवड न्हाई, ही बिट्टी हाय, विष हाय हे!”

मुलाला मी नळाखाली धरलं, बराच वेळ डोळा धुतला. निभावलं. गोंधळ ऐकून प्राचार्य आले, बाहेरचे परीक्षक आले, शिपाई आले. मी फूल फाडून दोघांपुढं धरलं. म्हणालो, “मोजा साहेब. दहा निघाले तर मी आज नोकरी सोडतो.” परीक्षकांनी फुलाकडं बघितलं, प्राचार्यांकडं बघितलं, आणि घड्याळाकडं बघितलं. मुलांना हात धुवून परत बसवलं गेलं. खिडकीबाहेर वऱ्हांड्यात सुनंदा उभी होती. आपली बॅच सोडायला आली असणार. तिनं टोपली बघितली, मला बघितलं आणि मान खाली घातली.

निकालात त्या सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. निलंग्याच्या मुलीचा कागद मी गठ्ठा बांधताना बघितला होता. तिनं पाच लिहिलं होतं. तिचे तेवढे कापले.

मला मेमो मिळाला. परीक्षेत व्यत्यय आणल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा केला. एकच ओळ, मराठीत, चांगल्या अक्षरात: ‘सदर फुलात दहा पुंकेसर नाहीत, खात्री नसल्यास मोजून घ्यावेत.’ कार्यालयातले गायकवाड बाबू म्हणाले, “उस्मानभाई, माफी लिहून टाका, विषय मिटंल.” माफी लिहिली नाही. शिक्षा म्हणून मला प्रयोगशाळेतून काढलं आणि निवृत्तीपर्यंतचं राहिलेलं वर्ष पार्किंगवर बसवलं. माझ्या वाफ्याच्या जागेवर मी गाड्यांना टोकन देत होतो. अंगावर गाडी आणणारी पोरं ‘काका, गाडी सावलीत लावा’ म्हणायची. कसली सावली?

महिनाभरानं सुनंदा घरी आली. मी ओट्यावर बसलो होतो. “मामा, दोन मिनिटं बोलायचंय,” म्हणाली.

“तुमच्याकडं एकच मिनिट असतं ना, मॅडम?”

ती उभीच राहिली. मी पेपर उघडून तोंडापुढं धरला. वाचत नव्हतो, अक्षर दिसत नव्हतं. थोड्या वेळानं चपलेचा आवाज आला आणि ती गेली. माझी बायको हसीना आतून कप-बशी घेऊन बाहेर आली.

“बच्ची चाय पिये बगैर गई,” ती म्हणाली. “शरम आनी चाहिए तुमको.”

“शरम उसको आना,” मी म्हणालो. त्या वेळी मला तेच बरोबर वाटत होतं.

निवृत्त होऊन आम्ही मुखेडला परतलो. निरोप समारंभ झाला नाही, मी मागितलाही नाही. इथं भावाच्या बांधाला मी त्या पिशवीतलं बी टोकलं. शेजारी म्हणाले, मास्तर लातूरला राहून येडा झाला, बांधाला तरवड लावतो. मला मास्तर म्हणतात इथं, मी नको म्हणालो तरी.

तीन वर्षांनी एका लग्नात गायकवाड बाबू भेटले. पंगतीत शेजारीच बसले. इकडचं तिकडचं झालं आणि सहज म्हणाले, “त्या सुनंदा मॅडमचंही वाईटच झालं म्हणा.”

“काय झालं?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक न्हाई? तुमचा मेमो निघाला त्याच हप्त्यात त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला होता. फूल चुकीचं होतं, मी डोळ्यांनी बघितलं, परीक्षा परत घ्या, उस्मान शेख यांचं म्हणणं खरं आहे म्हणून. मीच आवक रजिस्टरला नोंदवला की हो तो. प्राचार्यांनी तो अर्ज उचलून क्लासच्या मालकाला दिला. मालकानं त्यांचा चौकातला फोटो उतरवला, नांदेडच्या शाखेला पाठवलं, खालच्या बॅचेस दिल्या. परीक्षा काय परत झाली न्हाई.”

हातातला घास तसाच राहिला. ती ओट्यापुढं उभी होती तेव्हा हेच सांगायला आली होती. आणि मी पेपर धरून बसलो होतो. दुसऱ्यांनी फुलाकडं बघितलं नाही म्हणून मी एवढा बोंबललो, आणि माझ्या दारात उभ्या माणसाकडं मी स्वतः बघितलं नाही. प्राचार्यांचा राग आजही आहे, त्या परीक्षकाचा आहे, क्लासच्या मालकाचा आहे. पण त्या रात्रीपासून त्या यादीत माझंही नाव आहे.

दुसऱ्याच आठवड्यात मी नांदेडची एसटी धरली. बरोबर बांधावरची एक फांदी घेतली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. क्लास तिसऱ्या मजल्यावर. खाली वॉचमननं अडवलं. “कोणत्या बॅचचे पालक?” मी म्हणालो, “सुनंदा मॅडमचा मामा.” त्यानं सोडलं.

दोन तासांच्या मधली वेळ होती. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हाताला खडू, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. मला बघून ती थबकली. मी तयार करून आणलेलं सगळं विसरलो.

“गायकवाडांनी सांगितलं,” एवढंच म्हणालो. “तू आली होतीस. मी ऐकलं न्हाई. चुकलं माझं, पोरी.”

तिनं ओढणीनं डोळे पुसले, त्यामुळं गालाला खडू लागला. मग म्हणाली, “मामा, मीबी चुकलेच होते. पाठ असतात म्हणाले होते ना मी तुम्हाला.”

“हाव. ते चुकलंच होतं.”

“अजून राग हाय?”

“हाय. लई हाय.”

“माझा?”

“तुझा न्हाई. बाकी सगळ्यांचा.”

ती हसली. भूकंपाच्या आधी ती कशी हसत असेल ते मी बघितलेलं नाही, पण तशीच हसली असावी. म्हणाली, “मग इथं जिन्यात कशाला उभे राहता? आत चला. दीडशे पोरं बसलीत. माझा तास हाय. त्यांच्यावर काढा सगळा.”

मला वाटलं चेष्टा करते. तिनं दार उघडून धरलं.

मी आत गेलो. उतरत्या बाकांवर दीडशे पोरं, सगळ्यांपुढं जाड पुस्तकं, वर पंखे. सुनंदा मागच्या बाकावर जाऊन बसली. मी फडकं सोडून फांदी टेबलावर ठेवली. एसटीचा एवढा प्रवास झालेला, तरी फुलं ताठ होती. म्हणालो, “हे काय हाय, कोण सांगंल?”

काहींनी पुस्तकाची पानं उलटली. मग पुढच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान एक तरी निघाला.

“सर,” तो म्हणाला, “हे परीक्षेला येणार आहे का?”

आणि मग मी जो सुरू झालो, सुनंदाचा त्या दिवशीचा पुढचाही तास झाला नाही.